विषय संपले, हे कुणी ठरवलं?

आमच्या भागात कथास्पर्धांचे निकाल लागले की परीक्षकांचं मनोगतही छापून येतं. त्यात एक तक्रार आता ठरल्यासारखी येते. शेतकरी, दुष्काळ, सावकार, हुंडा, सासुरवास, म्हातारे आईबाप, पुराणातली आणि इतिहासातली माणसं, हे सगळं लिहून लिहून गुळगुळीत झालं आहे. नव्या लेखकांनी नवे विषय आणावेत. लेखन-कार्यशाळांमधून याला जोडून आणखी एक सल्ला मिळतो. जुनाच विषय घ्यायचा असेल तर त्याला कलाटणी द्या, खलनायकाला नायक करा, शेवट उलटा करा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि खेड्यात बसून लिहू पाहणाऱ्या मुलामुलींचं त्यांनी खरोखर नुकसान होतं आहे. म्हणून हा प्रतिवाद.

खेड्यात म्हणजे कुठे, तर उदाहरणादाखल रोहिणखेडला. मोताळा तालुक्यातलं हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. बुलडाणा घाटावर, रोहिणखेड घाटाखाली. खानदेशातून वऱ्हाडात शिरून वर पठारावर चढणारी वाट इथूनच जायची, त्यामुळे व्यापारी आले, फौजाही आल्या. गावात सोळाव्या शतकातली दगडी मशीद आहे. भोवती काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन, मका. परीक्षकांची यादी हातात घेऊन इथल्या मुलीनं लिहायला बसायचं म्हटलं, तर तिच्या घरातलं, शेतातलं आणि गावाच्या इतिहासातलं सगळंच त्या यादीत बाद झालेलं आहे. मग तिनं लिहायचं कशावर? ती पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधल्या एकटेपणावर लिहिते, आणि ते वाचून तेच परीक्षक म्हणतात की यात अनुभवाचा ओलावा नाही.

विषय जुना झाला की त्यातलं सांगण्यासारखं संपतं, हे या सल्ल्यांमागचं गृहीतक. ते खोडायला फार लांब जायची गरज नाही, याच जिल्ह्यातल्या एका बाईचं पुस्तक पुरेसं आहे.

ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपल्या नवजात मुलाला मारल्याचा खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्तानं ‘पुणेवैभव’सारख्या पत्रानं समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उत्तर लिहिलं: ‘स्त्रीपुरुषतुलना’. 1882 साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं, किंमत नऊ आणे.

या पुस्तकात नवा विषय कोणता आहे? एकही नाही. पातिव्रत्य, विधवा, स्त्रीस्वभाव, पुराणातल्या सत्या. त्या काळी यापेक्षा चघळून चोथा झालेले विषय शोधूनही सापडले नसते. सावित्रीचीच गोष्ट घ्या. महाभारताच्या वनपर्वातली ही कथा, दर ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना बायका ऐकत आलेल्या. ताराबाईंनी कथेतला एक धागाही बदलला नाही. यम तोच, सत्यवान तोच, सावित्रीची जिद्द तीच. त्यांनी एवढंच विचारलं, की नवऱ्याचे प्राण परत आणायला बायको यमाच्या दारापर्यंत गेली हे आम्ही ऐकलं. बायकोसाठी त्या वाटेवर एक पाऊल तरी टाकणारा नवरा कुणी ऐकला आहे का? शेकडो वर्षं सांगितल्या गेलेल्या कथेत हा प्रश्न पहिल्यापासून होता. तो विचारायला, जिच्याकडून सावित्री होण्याची अपेक्षा केली जाते, ती बाई लेखणी घेऊन बसावी लागली.

आणि ताराबाई प्रश्न विचारून थांबल्या नाहीत. स्त्रीला संशयाचा भोवरा, कपटाचं घर असं काय काय म्हणणारा एक संस्कृत श्लोक आहे. तो त्यांनी समोर ठेवला आणि एकेक दूषण उचलून ते पुरुषांना किती चपखल बसतं ते दाखवत गेल्या. ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आणि ‘मनोरमा’ हे नाटक, म्हणजे त्यांच्या काळातलं अगदी ताजं ललित लेखन, त्यात बायका कशा रंगवल्या आहेत याचीही त्यांनी झाडाझडती घेतली. जुन्या पुराणाला जो प्रश्न, तोच नव्या कादंबरीलाही. नवा विषय, नवा आकृतिबंध म्हणून मिरवणारी कादंबरी, ती कुठून पाहते या बाबतीत, पुराणाइतकीच जुनी असू शकते, हे बुलडाण्यात बसलेल्या या बाईंनी 1882 साली ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. 1882 साली एखाद्या स्पर्धेच्या पत्रकात ‘पौराणिक व कौटुंबिक विषय नकोत’ अशी अट असती, तर ताराबाई दारातूनच परत गेल्या असत्या.

यावर कुणी म्हणेल, तो निबंध झाला, कथा-कवितेचं काय? तर वऱ्हाडातच आणखी सहाशे वर्षं मागे जाऊ. रुक्मिणीस्वयंवर. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सांगण्यावरून कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. महदंबा बालविधवा होती. लग्नाची गाणी गायचा मान जिला समाज देत नव्हता, तिनं हे लग्न गायलं. त्याच सुमारास महानुभाव पंथातल्याच नरेंद्रानं याच कथेवर डौलदार, अलंकारांनी नटलेलं काव्य रचलं. 1571 मध्ये एकनाथांनी काशीत पुन्हा हीच कथा घेतली आणि तिच्यातून जीव-शिवाचं लग्न लावलं. तीन रुक्मिणीस्वयंवरं, आणि एकामुळे दुसरं शिळं झालं नाही. महदंबेला मांडवातल्या बायका दिसतात, नरेंद्राला रसिक श्रोते, एकनाथांना साधक. शैलीतला फरक या पाहण्यातून आलेला आहे. धवळे ओवीबद्ध काव्यासारखे नटले नाहीत, कारण ते बायकांनी तोंडानं म्हणायचे होते. म्हणजे ‘दृष्टी वगैरे ठीक, पण साहित्यात कारागिरी महत्त्वाची’ हा आक्षेपही टिकत नाही. कोण कुणासाठी, कुठून पाहतो आहे, यावरच कारागिरी ठरली.

आता रोहिणखेड. या गावाच्या नावावर दोन मोठ्या लढाया आहेत. पहिली 1437 ची. बहामनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमदशहा याची बेगम ही खानदेशच्या नसीरखान फारुकीची मुलगी. संगमेश्वरच्या राजाची मुलगी बहामनी जनानखान्यात आली, सुलतानाचं मन तिच्यात गुंतलं, बेगमेनं बापाकडे तक्रार कळवली आणि नसीरखान वऱ्हाडावर चालून आला. वऱ्हाडचे काही सरदार त्याला फितूर झाले, सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात अडकून पडला. मग खलफ हसन बसरी हा बहामनी सेनापती आला, त्यानं रोहिणखेडला नसीरखानाचा पराभव केला, बुऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला आणि ते शहर लुटलं. नसीरखान त्याच वर्षी वारला. दुसरी लढाई 1591 ची. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशहा हा पोर होता आणि कारभार जमालखान या महदवी सरदाराच्या हातात. इस्माईलचा बापच, बुऱ्हाण, खानदेशच्या राजे अलीखानाची मदत घेऊन चालून आला. रोहिणखेडला जमालखान पडला, मुलगा कैदेत गेला आणि बाप गादीवर बसला.

यावर कादंबरी लिहायची म्हटलं तर पहिला सल्ला सांगेल, ऐतिहासिक कादंबऱ्या खूप झाल्या, नको. दुसरा सांगेल, जमालखानाला नायक करा. दुसऱ्या सल्ल्यानं हत्तीवरचा माणूस बदलेल. बाकी धूळ, तलवारी, फितुरी, शेवटचं स्वगत, सगळं जागच्या जागी राहील.

पहिल्या लढाईकडे मोताळा तालुक्यातल्या बाईच्या नजरेनं पाहा. बेगमेनं माहेरी तक्रार कळवली. तवारिखेत, गॅझेटियरमध्ये ही एका ओळीची बाब आहे, लढाईचं कारण म्हणून नोंदवलेली. ओळ संपली की बेगम गायब. पण सासरचं दुखणं माहेरी सांगायचं की गिळायचं, हा प्रश्न आमच्याकडे आजही घरोघरी आहे. सांगितलं तर आई म्हणते, नांदून घे, सगळ्यांच्याच घरी असतं. बाप चार माणसं घेऊन बैठकीला येतो. बैठकीत मुलीला कुणी विचारत नाही. बोलतात ते दोन्हीकडचे पुरुष, आणि एकदा बोलणं मानापमानावर गेलं की मुलीचं मूळ दुखणं बाजूला पडतं. बैठक मोडली तर चारचौघं उठून आपापल्या गावाला जातात आणि मुलगी त्याच घरात मागे राहते, आता ‘बापाला बोलावणारी’ म्हणून. बेगमेचं हेच झालं. तिच्या तक्रारीवरून बाप आला, हरला, मेला. तिच्या माहेरचं शहर नवऱ्याच्या सेनापतीनं लुटलं. ती बातमी बीदरच्या महालात तिला कुणी सांगितली असेल? त्यानंतर तिनं कुणाला काही सांगितलं असेल का? आणि संगमेश्वरची ती दुसरी मुलगी, जिला जनानखान्यातल्या ‘जेबा चेहरा’ या नावानंच इतिहास ओळखतो, तिच्यापर्यंत रोहिणखेडचं नाव कसं पोचलं असेल? तिच्या डोक्यावर एका लढाईचं खापर फुटलं, ती तर स्वतःच स्वारीच्या धाकानं आलेली.

परीक्षकांच्या यादीत ‘सासुरवास’ बाद आहे आणि ‘इतिहास’ही बाद आहे. दोन्ही बाद विषय इथे एकत्र आल्यावर जे दिसतं ते मला तरी मराठीत लिहिलेलं आढळलं नाही. आणि हे रोहिणखेडच्या मुलीला जितकं कळेल तितकं संशोधकाला कळायला वेळ लागेल, कारण बैठक म्हणजे काय हे तिनं ओसरीच्या दारामागून ऐकलेलं असतं. मात्र तिला बीदर, बुऱ्हाणपूर आणि त्यांच्यामधली वाट अभ्यासावीच लागेल. खलफ हसननं मोहिमेवर निघताना दख्खनी सरदार नकोत, परदेशातून आलेलेच हवेत असा आग्रह धरला होता आणि विजयानंतर दरबारात परदेशी सरदारांना वरचा मान मिळाला, हेही तिला वाचावं लागेल. भूमिपुत्र आणि उपरे हा वादही त्या एका रणांगणात आहे.

कलाटणीच्या सल्ल्याबद्दल थोडं अधिक, कारण त्याची चलती आहे. 1967 साली मराठीत महाभारतावरची दोन पुस्तकं आली: शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. ‘मृत्युंजय’नं कर्णाला आवाज दिला, अफाट वाचकप्रेम मिळवलं, ते योग्यच झालं. पण नंतर आलेल्यांनी त्यातून सूत्र तेवढं उचललं: उपेक्षित पात्र घ्या, त्याला प्रथमपुरुषात बोलू द्या, तो किती थोर होता ते सांगा. इरावतीबाईंनी कुणाला थोर केलं नाही. खांडववन जाळलं त्या प्रसंगी, अग्नीला भूक लागली होती, या उत्तरावर त्या थांबल्या नाहीत. जंगल जाळून जमीन मोकळी करायची होती आणि त्यात तिथे राहणारे भाजून काढले गेले, हे त्यांनी त्या कथेतून वाचलं. ते वाचायला मानववंशशास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम पाठीशी होतं. ‘मृत्युंजय’च्या वाटेनं डझनांनी पुस्तकं गेली. ‘युगान्त’च्या वाटेनं जाणारे फार थोडे निघाले, कारण त्या वाटेला कष्ट आहेत. कलाटणी तासाभरात सुचते, आणि म्हणूनच ती सगळ्यांना सारखीच सुचते.

परीक्षकांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. शेतकऱ्यावरच्या कथांचे जे गठ्ठे त्यांच्यापुढे येतात, त्यातल्या बहुतेक खरोखर वाचवत नाहीत. भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, फास, फुटलेल्या बांगड्या. पण आजाराचं निदान चुकलं आहे. या कथा शिळ्या आहेत, कारण लिहिणाऱ्यानं शेत पाहून लिहिलेलं नाही, आधीच्या कथा आणि वर्तमानपत्रातले फोटो पाहून लिहिलं आहे. लिहिणारा शेतकऱ्याचाच मुलगा असला तरीही. भेगाळलेली जमीनच घ्या. आमच्या काळ्या जमिनीला दर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, चांगल्या पावसाच्या वर्षानंतरही पडतात. भेगा पडून जमीन तापली तर शेतकऱ्याला बरंच वाटतं. दुष्काळ इथे हिरव्या शेतात येतो. जुलैमध्ये दुबार पेरणीच्या रूपानं येतो, ऑगस्टच्या उघडिपीत कपाशीची पाती गळायला लागतात तेव्हा येतो, सोयाबीनच्या शेंगा दिसतात पण दाणा भरत नाही तेव्हा येतो. रस्त्यावरून मोटारीनं जाणाऱ्याला ते शेत छान वाटतं. हे ज्याला ठाऊक आहे त्यानंही कथेत भेगाच लिहिल्या, तर त्याला सांगायला हवं की हे वाक्य तुझं नाही. त्याला ‘शेतकरी हा विषय सोड’ असं सांगणं म्हणजे त्याच्या जवळचं सगळं ज्ञान फेकून दे असं सांगणं आहे.

सदानंद देशमुख याच जिल्ह्यातले. ‘बारोमास’ 2002 साली आली, 2004 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हाही शेतकरी हा विषय जुनाच होता, ग्रामीण साहित्याची चळवळ येऊन वर्षं लोटली होती. देशमुखांनी शिकलेला आणि नोकरी न मिळालेला मुलगा शेतात उभा केला. पदवी आहे, संस्थेला द्यायला पैसे नाहीत, नोकरीच्या आशेवर लग्न केलेली बायको घरात आहे. त्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिल्यावर तीच जमीन, तोच भाव, तेच कर्ज वेगळं दिसलं.

आणि ‘बारोमास’नंतरही शेत संपलेलं नाही. कापूस वेचणाऱ्या बाईकडून ते अजून पुरतं लिहिलं गेलेलं नाही. वेचणी किलोवर असते. उमललेल्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. पाचही बोटांनी कापूस उपसताना ती नखाच्या मुळाशी लागतात, चिरा पडतात, आणि संध्याकाळी भाकरी थापताना मीठ लागलं की त्या कळतात. सकाळी दहिवरात कापूस ओला भरतो, वजन जास्त येतं. मालक म्हणतो ऊन होऊ दे, बाई म्हणते उन्हात पाला चिकटतो, हात चालत नाही. दिवस मावळताना बांधावर ताणकाटा लागतो आणि अर्ध्या किलोवरून तोंडातोंडी होते. घरी शेत असलं तरी सातबाऱ्यावर बहुधा तिचं नाव नसतं. नवऱ्यानं आत्महत्या केली तर शासनाची एक लाखाची मदत मिळण्याआधी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते. जमीन कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की हातउसनं, वसुलीचा तगादा होता का. फास घेतलेल्या माणसाजवळ आपल्या कथा संपतात. हातउसन्या कर्जाची चिठ्ठी शोधत ट्रंक उपसणाऱ्या बाईची कथा तिथून पुढे आहे.

एक आक्षेप गंभीर आहे, तो टाळत नाही. ज्यानं त्यानं आपल्याच जागेवरून लिहायचं तर साहित्य म्हणजे ज्याची त्याची तक्रार होऊन बसेल. परक्याच्या मनात शिरणं कुठे राहिलं? मी ‘आपलंच लिहा’ असं म्हणत नाही. रोहिणखेडच्या मुलीनं फारुकी बेगमेवर लिहावं असं म्हणतो आहे, आणि तिच्याइतकी परकी बाई तिला दुसरी मिळणार नाही. महदंबेनंही तिला नाकारलेलं लग्न गायलं. आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते घेऊन परक्याच्या दारात जायचं असतं. नव्या विषयाचा आग्रह धरणारे लेखकाला मोकळ्या हातानं परक्याच्या घरी पाठवतात, म्हणून तिथे त्याला काही दिसत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि परीक्षकांना माझं मागणं साधं आहे. पत्रकातून ‘नव्या विषयांना प्राधान्य’ ही ओळ काढून टाका. आणि नाकारलेल्या कथेच्या लेखकाला, विषय जुना आहे एवढं कळवण्याऐवजी, कोणतं वाक्य उसनं वाटलं ते अधोरेखित करून परत पाठवा. यात परीक्षकाचा वेळ जाईल, हे खरं आहे. पण मोताळ्याच्या पोराला त्याचं भेगांचं वाक्य खोडलेलं दिसलं, की त्या जागी पातेगळ लिहायची हे त्याला कुणी शिकवावं लागणार नाही.